जपाच्या वेळची मालिका

बोरगाव मेघे
५ जानेवारी

हर्षा,

वर चि. सौ. लिहिलं होतं, ते खोडलं. त्याखाली आशीर्वाद लिहिले, तेही खोडले. आशीर्वाद द्यायला सासूजवळ थोडा अधिकार असावा लागतो आणि त्या बाबतीत सध्या माझा ठणठणाट आहे. म्हणून नुसतं हर्षा. राग मानू नकोस. म्हणजे मान, पण पुढचं वाच.

तुझा फोन लागत नाही. माझाच लागत नाही की आपल्या घरातल्या सगळ्यांचाच, हे मी प्रफुलला विचारलं नाही. समुद्रपूरच्या घरी केला तर तुझी आई उचलते आणि 'हर्षा झोपली हाये' म्हणते. सकाळी दहालाही तू झोपलेली, संध्याकाळी सहालाही. मनकर्णाबाई खोटं बोलण्यात कच्च्या आहेत. हे मी कौतुकानं लिहिते आहे, कारण आमच्याकडे त्यात सगळे पक्के आहेत. म्हणून हे पत्र. याआधीचं शेवटचं पत्र मी माझ्या आईला लिहिलं तेव्हा प्रफुल पोटात होता, त्यामुळे अक्षराला हसू नकोस.

आता कामाचं. 'झील के वारिस'चं शेवटचं पर्व सुरू झालं. दर शनिवारी एक भाग येणार आहे. मी बघत नाही. त्या दिवसापासून मी तो विषयच बंद केला. पण कोण जगणार आणि कोण बुडणार याचा अंदाज करायला बघावं कुठे लागतं? दोन वर्षं आपण दोघींनी दुसरं केलं काय? ते तळं वाढत राहिलं, गावं गिळत राहिलं, तळ्यातलं जनावर आज याला तर उद्या त्याला ओढून नेत राहिलं, आणि आपण आदल्या भागातच सांगून मोकळ्या व्हायचो की हा गेला समज.

माझा अंदाज जुनाच आहे. लंगडा सरदार शेवटपर्यंत राहतो. पांढऱ्या केसांची राणी जाते, कारण तिनं मुलाला स्वतःच्या हातानं भरवलं, आणि त्या मालिकेत कुणी कुणाला प्रेमानं भरवलं की त्याचे दिवस भरले. डुकरं राखणारी पोर तुझी लाडकी, तिच्याबद्दल मी बोलत नाही. तू म्हणायचीस, ज्याच्या हातून मोठी चूक व्हायची बाकी आहे त्याला ते मारत नाहीत. मी म्हणायची, ज्याचं काही सांगायचं राहिलंय त्याला मारत नाहीत. मग आपली जुंपायची, माझा आवाज चढायचा आणि तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस, कारण बाहेरच्या जगात मी त्या वेळी देवघरात जपाला बसलेली असायची.

आठवतं ना? देवघराचं पुढचं दार मी आतून लावायची, मागच्या दारानं तू यायचीस, आणि तुझा फोन समईला टेकवून ठेवायचो. जपातल्या माणसाला हाक मारायची नाही हा आपल्या घराचा नेम, तो तुझ्या मामाजींनीच, म्हणजे ह्यांनीच, घातलेला. भुताखेतांच्या मालिका बघणारी बाई त्यांना घरात चालली नसती. माळ माझ्या मांडीवर असायची, तेवढं मात्र खरं. सरदार फार अडचणीत आला तर मी दोनचार मणी ओढायचीसुद्धा.

आता या घरात मला हे बोलायला कुणी नाही. प्रफुल दुकानातून येतो, जेवतो, ह्यांच्या पायाला तेल लावतो आणि झोपतो. ह्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. बोलणं एकेका शब्दानं परत येतं आहे, तेही रोज येत नाही.

तू तुझा अंदाज कळव. नुसता तेवढाच कळवलास तरी चालेल.

तुझी
आत्याबाई


१८ जानेवारी

हर्षा,

तुझं उत्तर आलं नाही. टपालखात्याला दोष देऊन मी दोन दिवस काढले, नंतर तेही जमेना.

काल संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं. वाण म्हणून चहाच्या गाळण्या दिल्या. तू असतीस तर काहीतरी बरं आणलं असतंस. बायका आल्या आणि सून कुठं, सून कुठं, सुरू झालं. मी तोंड उघडायच्या आत आपल्या शेजारच्या आनंदाबाईंनी सूत्रं हातात घेतली. ती गोष्ट त्यांना आता तोंडपाठ झाली आहे.

"मी भिंतीच्या पलीकडं वाळलेले कपडे काढून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "भाऊजीचा आवाज मी माह्या कानानं आयकला. हर्षा, हर्षा, करून राह्यले होते. थे पोरगी मोबाईलात डोकं घालून. अन् वहिनी बिचाऱ्या जपात."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टरीणबाईंच्या सुनेनं तर वाकून नमस्कार केला, म्हणाली, तुमच्या जपानंच काकाजी वाचले. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रात्रभर तो हात मला माझा वाटत नव्हता. म्हणून आज त्या संध्याकाळचं लिहायला बसले. तुला सांगायची गरज नाही, तू तिथं होतीस. पण मी ते आजवर मनातसुद्धा सरळ सांगितलेलं नाही. मनात दरवेळी मी खरोखरच डोळे मिटून माळ ओढत असते.

पुलाचा भाग होता. डुकरं राखणारी पोर पुलाच्या मधोमध आणि खाली जनावर. मी म्हणत होते ती गेली, तू म्हणत होतीस राहते. तेवढ्यात ह्यांची हाक आली, "हर्षा." तू उठायला लागलीस. मी म्हटलं, बस, पाणी हवं असेल, थोडं थांबल्यानं काही होत नाही. दुसरी हाक आली. तिसरी आली की नाही ते मला आठवत नाही. पोर वाचली. आपण बाहेर आलो तर हे न्हाणीच्या दारात आडवे.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं. मी तिथंच व्हरांड्यात प्रफुलला म्हटलं, मी देवघरात जपाला होते, हर्षा तिच्या खोलीत मोबाईल बघत होती. त्यानं विचारलंही नव्हतं. देवघरात होते एवढं खरं होतं, आणि त्याच्या आधारानं बाकीचं सगळं मी तुझ्या पदरात टाकून मोकळी झाले. तू ह्यांचा चष्मा हातात धरून उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस. काही बोलली नाहीस, नुसती वाट बघत राहिलीस. मी नजर काढून घेतली आणि नर्सला औषधाचं काहीतरी विचारायला गेले.

हे लिहून झालं. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

आत्याबाई


२ फेब्रुवारी

हर्षा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. म्हणजे खोटं नाही, कमी लिहिलं, जे मला जास्त चांगलं जमतं.

'मी म्हटलं, बस' असं लिहिलं होतं. मी नुसतं म्हटलं नव्हतं. तुझं मनगट धरलं होतं. तू "आत्याबाई, सोडा," म्हणालीस, ओढून बघितलंस, मी आणखी घट्ट धरलं. तुझी एक बांगडी फुटली. दवाखान्यातून आल्यावर मी सगळ्यात आधी देवघरात जाऊन त्या काचा झाडल्या. नवरा तिकडे नळ्यांत होता आणि मी केरसुणी शोधत होते. ते करताना मला पक्कं ठाऊक होतं की मी काय करते आहे. त्यामुळे घाबरून बोलले, गोंधळात बोलले, असं मला म्हणता येणार नाही. व्हरांड्यातलं घाबरून होतं, केरसुणीचं नव्हतं.

दुसरं. मालिका मी बघते आहे. पहिल्या पत्रात बंद केली असं लिहिलं तेव्हाही पहिला भाग बघून झाला होता. दुपारी हे झोपले की इअरफोन घालून बघते. तू शिकवलंस तेवढं येतं. बघताना लाज वाटते आणि तरी बघते. तुझी डुकरांची पोर अजून आहे. राणीसुद्धा आहे, माझा अंदाज चुकला. सरदाराचं कठीण दिसतं.

आता तिसरं, जे खरं म्हणजे पहिलं लिहायला हवं होतं. ह्यांचे धाकटे भाऊ बंडूजी परवा आले होते. दिवाळीनंतरची ती बैठक त्यांनीच बोलावली होती, आणि आता दुसरीही तेच ठरवून गेले. बावीस तारखेला, रविवारी, महाशिवरात्र उलटली की. या वेळी समजूत काढायची नाही, फारकतीचं ठरवायचं. प्रफुलनं मान हलवली. त्याचं म्हणणं एकच, जिनं माझ्या बापाची हाक ऐकून न ऐकल्यासारखी केली तिच्यासोबत मी राहू कसा. तो हे म्हणत होता तेव्हा मी चहा गाळत होते.

मी गप्प राहिले तर तुझा संसार जातो, हे मला समजत नाही असं समजू नकोस. समजतं. पण बोलायचं ठरवलं की डोळ्यांपुढे प्रफुलचं तोंड येतं. मागच्या बैठकीत तुझ्या बाबांनी, नत्थूजींनी, सगळ्यांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "पोरीची चूक झाली, मी तिच्यावतीनं माफी मागतो." पांढरं धोतर नेसून, नवी टोपी घालून आले होते, एवढ्याचसाठी. माझ्याच बाजूला बसले होते. मी त्यांना म्हटलं, जाऊ द्या नत्थूजी, होतं असं. मी म्हटलं! मोठ्या मनाची विहीण म्हणून बंडूजींनी माझी स्तुतीही केली.

आणि तू का बोलली नाहीस? मला कधीकधी तुझाच राग येतो. एक वाक्य बोलली असतीस तर मी तिथंच उघडी पडले असते आणि सगळं तिथंच मिटलं असतं. बैठकीतही माझ्याचकडे बघत बसलीस. हे वाक्य खोडणार होते, पण राहू देते. तुला कळू दे की तुझी सासू स्वतःचं पाप तुझ्या गप्प राहण्यावरसुद्धा ढकलून बघते.

सुलोचना


११ फेब्रुवारी

हर्षा,

काल दुपारचं तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. आजही गेलेलं नाही.

हे झोपले होते. मी पलंगाजवळच्या खुर्चीत बसून भाग बघत होते. लंगडा सरदार एकटाच नाव घेऊन तळ्यात निघाला होता आणि मी मनात म्हणत होते, जाऊ नको मेल्या. तेवढ्यात माझ्या गुडघ्याला हात लागला. ह्यांचे डोळे उघडे होते. मी फोन पदराखाली घेतला.

"लंगडा," ते म्हणाले. मग थांबून, जोर लावून, "लंगडा सरदार. हाये का... मेला?"

मी विचारलं, तुम्हाला कोण सरदार माहीत? त्यांनी डाव्या हातानं पलंगामागच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे देवघर. दोन वर्षं त्यांचं डोकं त्या भिंतीला होतं आणि आपलं भांडण पलीकडे. आपण तोंडावर हात ठेवत होतो तो नुसता आपल्या समाधानापुरता.

ते हसले. तोंडाची एकच बाजू हसते आता. मग एकेक शब्द जोडत, मध्ये दमत, त्यांनी मला सांगितलं की राणी माहीत आहे, डुकरांची पोर माहीत आहे, कोण तुझं आणि कोण माझं तेही माहीत आहे. मागच्या पर्वात मी घोडेवाल्यावर भिस्त ठेवली होती आणि तो दुसऱ्याच भागात बुडाला, त्याची आठवण काढून म्हणाले, "तू... हरली." दोन वर्षं हा माणूस भिंतीला कान लावून मालिका ऐकत होता आणि जेवताना मला विचारत होता, आज जप चांगला झाला का.

मी पण हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा हसले असेन. आणि हसता हसताच माझ्या डोक्यात आलं ते मी विचारून टाकलं.

"तुम्हाले माहीत होतं मी बी तिथंच हाओ, तं हाक हर्षाले काऊन मारली? मले काऊन नाई मारली?"

त्यांना उत्तर जुळवायला खूप वेळ लागला. मी पाणी दिलं, ते अर्धं उशीवर सांडलं.

"तू... जपाले होती ना," ते म्हणाले. मग परत भिंतीकडे, पण या वेळी अंगणाकडच्या भिंतीकडे बोट. "आनंदाबाई... बाहीर. तुले हाक मारली असती... तं तुह्यं झाकलेलं... उघडं पडलं असतं."

तुला कळतं आहे ना मी काय लिहिते आहे? त्यांच्या हातापायांतली ताकद जात होती, जीभ जड होत होती, आणि त्यातही या माणसानं माझी लाज सांभाळली. जपातल्या बाईला हाक मारायची नाही हा नेम पाळला, म्हणून तुझं नाव घेतलं. तीच हाक आनंदाबाईंनी ऐकली, तीच त्या गावभर सांगत फिरल्या, आणि तिच्याच जोरावर आम्ही तुला घराबाहेर काढलं. मला झाकायला मारलेली हाक तुझ्यावर पुरावा म्हणून चालली.

पुढचं अजून आहे. ते म्हणाले, "सून... आली नाई अजून. तिची माय... बरी झाली का?"

त्यांना आम्ही हेच सांगितलं होतं, की मनकर्णाबाईंना बरं नाही म्हणून तू माहेरी आहेस. आजाऱ्याला त्रास नको, असं प्रफुल म्हणाला आणि मी लगेच हो म्हटलं. आता माझ्याच्यानं तेही रेटवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. मनगट, बांगडी, केरसुणी, व्हरांडा, नत्थूजींची टोपी, बावीस तारखेची बैठक, काही ठेवलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. झाल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी हाक मारली तरी वळले नाहीत.

संध्याकाळी खिचडी घेऊन गेले तर तोंड उघडलं नाही. प्रफुलनं भरवली तेव्हा खाल्ली. त्याला वाटलं बाबांना आज त्याच्या हातची गोडी लागली. लग्नाला चाळीसाच्या वर वर्षं झाली, हा माणूस माझ्या हातचं खायचं नाकारेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी उद्या प्रफुलला सांगते.

सुलोचना


१७ फेब्रुवारी

हर्षा,

उद्या सांगते म्हटलं होतं, तो उद्या काही आला नाही. एका दिवशी प्रफुल थकलेला होता, एका दिवशी दुकानात माल यायचा होता, एका दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. खरं म्हणजे ते माझंच दुखत होतं. शेवटी महाशिवरात्रीला बंडूजी बैठकीचं पक्कं करायला आले. मी त्यांच्या आणि प्रफुलच्या पुढे साबुदाण्याच्या उसळीच्या थाळ्या ठेवल्या, ह्यांच्या खोलीचं दार उघडं केलं म्हणजे ह्यांनाही ऐकू जाईल, आणि उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर पुन्हा उठून कामाला लागले असते.

बंडूजींनी आधी ऐकलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, वहिनी, झालं ते झालं, आता उकरून काय फायदा, पोरीच्याच नावावर राहू द्या, घरातली गोष्ट घरात राहीन. मला माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. मी त्यांना म्हटलं, उसळ घरी नेऊन खा, डबा देते. ते गेले. डबा नेला नाही.

मला वाटलं प्रफुल ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई," तो म्हणाला, "हे तू सांगितलं नसतं तं बरं झालं असतं."

मी विचारलं, काऊन?

"मी तिले काय काय बोललो, तुले माहीत हाये का? तिच्या मायबापापुढं बोललो. आता मी कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

त्याचं ते तोंड बघायची भीती वाटून मी इतके महिने गप्प होते. बघितलं. जसं वाटलं होतं त्याहून वाईट होतं. तो तुला फोन लावून बघतो आहे. लागत नाही. लागला तरी त्याला काही बोलता येईल असं वाटत नाही. माझ्याशी तो बोलत नाही, जेवण स्वतःच वाढून घेतो. हे त्याचं बरोबर आहे, तू त्याला समजावायला जाऊ नकोस. ह्यांनी काल माझ्या हातची पेज घेतली, दोन चमचे. बावीस तारखेची बैठक मोडली आहे. आनंदाबाईंना मी भिंतीवरूनच सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, वहिनी, तुम्ही देवमाणूस, सुनेसाठी अंगावर घेऊन राह्यल्या. आता यावर मी काय करू सांग.

शनिवारी शेवटचा भाग आहे. तुझे मामाजी म्हणतात सरदार बुडणार. मी काही अंदाज केलेला नाही.

आता नीट वाच. मी शुक्रवारी सकाळच्या बसनं समुद्रपूरला येते आहे. तुला परत न्यायला नाही. प्रफुलकडे जायचं की नाही, त्याला दारात उभं करायचं की नाही, हे तू ठरव. नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे आणि त्या बाबतीत या घरातून तुला कुणी एक शब्द बोलणार नाही. मी दिवसभर बसून माफी मागून तुला अवघडूनही टाकणार नाही. मला तू माफ करावंस असंही मी लिहीत नाही. ते लिहायला घेतलं होतं, पण त्यात माझीच सोय दिसली.

माझं काम नत्थूजींशी आहे. माझ्या घरात, माझ्या बाजूला बसून, त्यांनी जी माफी मागितली ती माझी होती. ती मला परत घ्यायची आहे, आणि ती घरात बसून हळू आवाजात घेता येणार नाही, कारण त्यांनी ती चारचौघांत मागितली होती. त्यांना फक्त घरी थांबायला सांग.

तू आत बोलावलंस तर आत येईन. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहून सांगेन. तुमच्या आळीतल्या शेवटच्या घराला ऐकू जाईल एवढा माझा आवाज आहे.

सुलोचना